त्या राणीचे वय काय होते?

आजीने विचारलेल्या सगळ्याच प्रश्नांची उत्तरे मला वेळेवर देता आली नाहीत. त्यांतले दोन प्रश्न इंग्लंडच्या एका राणीविषयी होते. ते तिने विचारले १९६९ साली. उत्तरे हाती आली तेव्हा आजीला जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. म्हणून ती आज तुम्हांला सांगून मोकळी होते.

मी तेव्हा बी. ए.च्या वर्गात होते आणि शेक्सपियरचे 'रिचर्ड दुसरा' हे नाटक आम्हांला नेमलेले होते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आमचे तीन खोल्यांचे बिऱ्हाड. अभ्यासाला निराळी जागा कुठून असणार? आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाती वळत बसे आणि मी भिंतीला पाठ टेकून मोठ्याने वाचीत असे. इंग्रजी आजीला ओ की ठो कळत नव्हते. पण वाचणारीचा चेहरा तिला चांगला वाचता येई.

"काय गं, डोळ्यांत पाणी कशाला एवढं?" तिने विचारले.

मी सांगितले, एक राजा होता. चुलतभावाने त्याचे राज्य घेतले. त्याला कैदी म्हणून नेत असताना राणी रस्त्यात उभी राहून त्याची वाट पाहते. दोघे एकमेकांना निरोप देतात. तो एका वाटेने जातो, तिला दुसऱ्या वाटेने तिच्या माहेरी फ्रान्सला धाडतात.

"वय काय होतं गं त्या राणीचं?"

"असेल वीस-बावीस," मी ठोकून दिले. नाटकातली राणी बोलते तरी तशीच, जाणत्या बाईसारखी.

"आणि राजा? कैदेतून सुटला?"

"नाही. तिथंच मेला."

आजीची वात बोटांतच राहिली. "मग तिचं पुढं काय झालं?"

"ते नाटकात नाही."

"म्हणजे अर्धंच नाटक म्हणायचं," आजी म्हणाली आणि पुन्हा वाती वळू लागली.

आजीला राणीच्या वयाशी काय कर्तव्य, असे तेव्हा मला वाटले. वास्तविक मला ते समजायला हवे होते. आजीचे स्वतःचे लग्न १९०८ साली, तिच्या आठव्या वर्षी झाले होते. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे. सासरी पाऊल टाकले त्या दिवशी घरात तिच्याहून थोडी मोठी अशी एकच मुलगी होती. तिला ती 'वन्सं' म्हणे. वन्सं अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या होत्या. त्यांचे 'पुढं काय झालं' ते आजीने पन्नास वर्षे एका घरात राहून पाहिले होते.

आता एकदम २०१८ सालात या. माझी मुलगी इंग्लंडात रेडिंग या गावी असते. त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे दोन महिने राहिले. नात सात वर्षांची होती. पुढचे दोन दात पडलेले, गुडघे खरचटलेले आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. एका रविवारी आम्ही तिघी थेम्सच्या काठाकाठाने सॉनिंग नावाच्या खेड्यापर्यंत चालत गेलो. अठराव्या शतकातला विटांचा पूल, जुने चर्च, काठावरची मोठाली झाडे, असे ते चित्रात असावे तसे गाव आहे. चर्चच्या आवारात एक वृद्ध गृहस्थ बाकावर बसले होते. आमची विचारपूस केल्यावर त्यांनी बोट दाखवून सांगितले की, पूर्वी इथे जवळच सॉल्झबरीच्या बिशपचा वाडा होता आणि रिचर्ड दुसऱ्याची राणी तिथे नजरकैदेत ठेवलेली होती.

माझ्या डोळ्यांपुढे एकदम सदाशिव पेठेतला तो उंबरा उभा राहिला.

"दहा वर्षांची होती बिचारी," ते म्हणाले.

मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारले. त्यांनी दोन्ही हातांची दहा बोटे वर केली.

त्यानंतरचे कितीतरी दिवस मी रेडिंगच्या ग्रंथालयात बसून काढले. मुलीने विचारले, "आई, तू इथं आम्हांला भेटायला आलीस की परीक्षेला बसायला?" तिचेही बरोबर होते. पण पन्नास वर्षांची थकबाकी होती ती.

तिचे नाव इझाबेला. फ्रान्सचा राजा चार्ल्स सहावा आणि बव्हेरियाची इझाबो यांची ही मुलगी. ९ नोव्हेंबर १३८९ रोजी पॅरिसच्या लूव्हरमध्ये तिचा जन्म झाला. आज जगभरचे लोक ज्या लूव्हरमध्ये चित्रे पाहायला जातात, तो त्या काळी राजाचा भुईकोट होता. जन्माला येताना नशीब घेऊन आली म्हणावे, तर ती तीन वर्षांचीही झाली नव्हती तोच बापाला वेड लागले. १३९२ च्या ऑगस्टमध्ये ल मान्सजवळच्या रानातून फौज घेऊन जात असताना कुणाच्या तरी हातातला भाला खणकन वाजला, तेवढ्या आवाजाने राजा बिथरला. त्याने तलवार उपसली आणि आपल्याच बरोबरचे काही लोक कापून काढले. पुढे हे झटके येत आणि जात. झटका आला की तो स्वतःचे नाव विसरे, राणीला ओळखत नसे. आपले अंग काचेचे आहे, कुणी हात लावला तर फुटेल, असेही त्याला वाटे म्हणून सांगतात. बरा असला की तोच राजा प्रेमळ बाप होई. अशा घरात ती मुलगी वाढली.

तिकडे इंग्लंडात रिचर्डचे दुःख निराळे होते. त्याची पहिली राणी, बोहेमियाची अ‍ॅन, हिच्यावर त्याचा जीव होता. बारा वर्षांच्या संसारात मूल झाले नाही, तरी त्याने तिला कधी अंतर दिले नाही. जून १३९४ मध्ये ती शीनच्या राजवाड्यात वारली. रिचर्डने तो वाडाच पाडून टाकायला लावला. पण राजाला दुःख करीत बसायची सवड कुठली? गादीला वारस हवा होता. फ्रान्सशी १३३७ पासून युद्ध चालू होते आणि दोन्हीकडचे खजिने आटले होते. तेव्हा सोयरीक करून तह पक्का करावा, असे दोन्ही दरबारांच्या मनात आले.

आपल्याकडे लग्नाच्या याद्या होतात, तशा या लग्नाच्याही झाल्या. फरक इतकाच, की यादीत पहिली बाब होती २८ वर्षांची युद्धबंदी. दुसरी बाब होती हुंड्याची. तो ठरला ८ लाख फ्रँक. पैकी ३ लाख लग्नात रोख आणि बाकीचे वर्षाला एक लाख याप्रमाणे. हुंड्याचे हप्ते बांधून देण्याची युक्ती आपल्याच लोकांची, असा माझा समज होता, तोही गेला.

नवरी पाहायला वकील पॅरिसला गेले, तो प्रसंग फ्रॉसार या बखरकाराने लिहून ठेवला आहे. इंग्लंडच्या एका बड्या सरदाराने तिच्यापुढे गुडघा टेकला आणि म्हटले, देवाच्या मनात असेल तर आपण आमच्या राणीसाहेब व्हाल. मुलीला कुणी पढवले नव्हते म्हणे. तिने आपण होऊन उत्तर दिले, की देवाची आणि बाबांची मर्जी असेल तर मला आवडेलच. कारण तिथे मी मोठी बाई होईन असे मला सांगितले आहे. मग तिने त्या सरदाराला हात धरून उठवले आणि आपल्या आईकडे नेले. सगळे दरबारी तिच्या शहाणपणावर खूष झाले.

हे वाचताना मला हसू आले आणि लगेच घशात काही अडकले. 'मला सांगितले आहे' हे शब्द मी आजीच्या तोंडून ऐकले होते. तिलाही सांगितलेच होते, की सासरी मोठा झोपाळा आहे आणि रोज जिलबी मिळेल.

नवरीच्या वयाचा मुद्दा रिचर्डच्या दरबारातही कुणी काढला नाही असे नाही. वारस हवा असताना इतकी लहान मुलगी कशाला, असे लोक विचारीत होते. त्यावर राजाचे उत्तर फ्रॉसारने दिले आहे. हा दोष दिवसागणिक कमीच होत जाईल, असे तो म्हणाला. खरेच होते. वयाचा दोष असा, की तो आपोआप जातो. पण जाताना बालपणही बरोबर घेऊन जातो, याचा हिशेब याद्यांमध्ये नव्हता.

मार्च १३९६ मध्ये पॅरिसला प्रतिनिधीमार्फत लग्न लागले. नवऱ्याच्या जागी त्याचा सरदार उभा राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस कॅलेजवळ आर्द्र गावच्या माळावर दोन राजांची भेट झाली. माळावर तंबूंचे गाव उभे राहिले. दोन्ही बाजूंना चारशे चारशे सरदार शस्त्रे घेऊन उभे. एवढ्या सगळ्यांच्या देखत मुलीला सासरच्या हवाली केले. नंतर कॅले येथील संत निकोलसच्या चर्चमध्ये विधिपूर्वक लग्न झाले. नवरा एकोणतीस वर्षांचा. नवरीला सातवे वर्ष पुरे व्हायला अजून काही दिवस होते.

सहा वर्षे! मी पुस्तक मिटले आणि नातीला शाळेतून आणायला गेले. फाटकातून ती पळत आली. एका पायात मोजा होता, दुसऱ्यातला खिशात होता.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. चर्चच्या कायद्याप्रमाणे मुलीचे संमतीचे वय बारा होते. तोवर हे लग्न कच्चे. बाराव्या वर्षी तिने नाही म्हटले असते तर ते मोडता आले असते. म्हणजे तिला रिचर्डची बायको म्हणून नव्हे, तर राजाच्या घरी वाढायला ठेवलेली मुलगी म्हणूनच राहायचे होते. आणि रिचर्डने तिला तसेच वागवले.

तिच्याबरोबर फ्रान्सहून एक सरदारीण सांभाळायला आली होती. शिवाय १३९६ सालच्या फ्रेंच दरबाराच्या हिशेबात एक नोंद आहे. इंग्लंडच्या राणीसाठी बाहुल्या आणि त्या बाहुल्यांचे कपडे करून घेतल्याबद्दल एका कारागिराला पैसे दिले, अशी ती नोंद. वेषभूषेचा इतिहास लिहिणारे म्हणतात, की फ्रान्समधली नवी फॅशन दाखवायचे ते नमुने असावेत. असतील. हे पंडित लोक मोठे असतात. पण राणी सात वर्षांची होती, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या नोंदीला दुसरा अर्थ शोधायची मला तरी गरज वाटत नाही.

आजीही सासरी येताना आपली लाकडी ठकी पदराखाली लपवून घेऊन आली होती. सासूबाईंच्या ते लक्षात आले, पण त्या रागावल्या नाहीत. दुपारची झाकपाक झाल्यावर आजीला ठकीशी खेळायला त्या अर्धा तास देत. "फुलासारखं जपलं गं मला सगळ्यांनी," असे आजी नेहमी म्हणे.

लंडनमध्ये त्या मुलीचे स्वागत थाटाने झाले. तिला पाहायला लंडन ब्रिजवर इतकी झुंबड उडाली, की नऊ माणसे चेंगरून मेल्याची नोंद आहे. जानेवारी १३९७ मध्ये वेस्टमिन्स्टरला तिला राज्याभिषेक झाला. मग ती विंडसर आणि इतर राजवाड्यांतून राहू लागली. राजा मधूनमधून येई, भेटी आणी, तिच्याशी गप्पा मारी. वेड्या बापाच्या घरातून आलेल्या त्या मुलीला हा देखणा, सुंदर कपडे घालणारा, गोड बोलणारा माणूस केवढा आपला वाटला असेल!

हाच माणूस बाहेर मात्र तसा नव्हता. तह झाल्यामुळे परकी भीती गेली, हुंड्यामुळे हात मोकळे झाले. १३९७ मध्ये रिचर्डने जुने वैर उकरून काढले. सख्खा चुलता कॅलेच्या कैदेत मारला गेला, एका मोठ्या सरदाराचे डोके उडाले, चुलतभाऊ हेन्रीला देशाबाहेर घालवले आणि त्याचा बाप वारल्यावर त्याची जहागीरही गिळली. तीन वर्षांत त्याने इतके शत्रू केले, की एक जरी उठला तर बाकीचे त्याच्यामागे जातील अशी स्थिती झाली.

मे १३९९ मध्ये रिचर्ड आयर्लंडच्या स्वारीवर निघाला. जाण्यापूर्वी विंडसरला त्याने राणीचा निरोप घेतला. एका फ्रेंच बखरीत त्याचे वर्णन आहे. चर्चमधली प्रार्थना झाल्यावर दाराशी दोघांनी मिळून खाऊ खाल्ला. मग राजाने तिला उचलून कडेवर घेतले, पुन्हा पुन्हा तिचे मुके घेतले आणि पुन्हा भेट होईपर्यंत निरोप दे, असे म्हटले. इतक्या मोठ्या राजाने कुणा बाईचे इतके कौतुक केलेले मी पाहिले नाही, असे लिहून तो बखरकार पुढे म्हणतो, की त्यानंतर त्यांची भेट झाली नाही.

म्हणजे शेक्सपियरच्या नाटकातली ती रस्त्यावरची भेट घडलेलीच नव्हती! जी ताटातूट वाचून मी रडले, ती कवीने रचलेली. घडली होती ती ही, विंडसरच्या दारातली. आणि तीत राणी राजाच्या कडेवर बसलेली होती. तिचे वय साडेनऊ.

हे वाचून मला प्रथम बरे वाटले, हे कबूल करते. चला, निदान तो तिच्याशी चांगला तरी वागला. फुलासारखे जपले.

पण पुढची पाने वाचायची राहिली होती. रिचर्ड आयर्लंडात असताना हेन्री फौज घेऊन उतरला. ३० सप्टेंबर १३९९ रोजी रिचर्ड पदच्युत झाला आणि हेन्री चौथा गादीवर आला. राणीला सॉनिंगला त्या बिशपच्या वाड्यात हलवले. जानेवारी १४०० मध्ये रिचर्डच्या बाजूच्या सरदारांनी उठाव केला. हेन्रीला पकडायला ते विंडसरला गेले, तो निसटला. तेव्हा ते सॉनिंगला आले. त्यांच्या म्होरक्याने राणीच्या नोकरांच्या छातीवरची हेन्रीची पदके ओरबाडून काढली आणि सांगितले, की राजा सुटला आहे, लाख माणसे घेऊन उभा आहे. ते सगळे खोटे होते. रिचर्ड दूर पाँटफ्रॅक्टच्या किल्ल्यात कैदेतच होता. काही दिवसांत उठाव मोडला, म्होरक्यांची डोकी उडाली आणि फेब्रुवारीत रिचर्ड किल्ल्यातच मेला. उपाशी ठेवून मारला असे म्हणतात. ज्या उठावाने मुलीला एक दिवस आशा दाखवली, त्याच उठावाने तिच्या नवऱ्याचा जीव घेतला.

ती दहा वर्षांची विधवा झाली.

आजीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथून सुरू होते. हेन्रीपुढे पेच पडला. मुलीला परत पाठवावे तर हुंडाही परत द्यावा लागणार, आणि तिजोरीत खडखडाट. तेव्हा त्याने तोड काढली, की हिचे लग्न आपल्या थोरल्या मुलाशी लावावे. मुलगी इथेच राहील, पैसेही इथेच राहतील. फ्रान्सने ते मानले नाही. स्वतः मुलीनेही ऐकले नाही, असे सांगतात. फ्रान्सने हुंडा मागितला, तेव्हा इंग्लंडने जुनी वही काढली. इझाबेलाचा पणजोबा राजा जॉन हा १३५६ च्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला होता. त्याच्या सुटकेच्या खंडणीची बाकी अजून यायची आहे, ती आधी द्या! मुलीच्या हुंड्यातून पणजोबाची खंडणी वळती करून घ्यायची. दागिने कुणाचे, यावरही वाद झाले. दोन्हीकडचे कारकून दीड वर्ष हिशेब करीत होते आणि ती मुलगी दोन खात्यांच्या मध्ये बसून होती.

अखेर १४०१ मध्ये तिला परत पाठवायचे ठरले; हुंडा मात्र परत गेला नाही. ती लंडनहून निघाली तेव्हा अ‍ॅडम ऑफ अस्क या बखरकाराने जे टिपले, ते वाचून मी जागच्या जागी ताठ बसले. तो लिहितो, की तिने काळी वस्त्रे घातली होती, राजा हेन्रीकडे ती कपाळाला आठ्या घालून रागाने पाहत होती आणि निघताना तिने तोंडातून शब्दही काढला नाही.

अकरा वर्षांची मुलगी! पाच-सहा वर्षांपूर्वी 'मला आवडेलच, मला सांगितले आहे' असे म्हणणारी. आजवर तिच्याविषयी जे जे ठरले ते इतरांनी ठरवले. तिला दिले, तिला घेतले, तिला ठेवले, तिला परत केले. या सगळ्यात तिची स्वतःची अशी वस्तू कोणती, तर त्या आठ्या. तेवढ्या तिला कुणी पढवलेल्या नव्हत्या आणि तेवढ्या कुणाला हिशेबात धरता आल्या नाहीत.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण नशिबानेही ते थोडक्यातच उरकले. जुलै १४०१ अखेर ती फ्रान्सच्या हवाली झाली. १४०६ मध्ये तिचे दुसरे लग्न लावले, चुलतभाऊ ऑर्लेआँच्या चार्ल्सशी. या वेळी नवरी सोळा वर्षांची आणि नवरा अकरा! लग्नात ती रडली, असे लिहिलेले आहे. राणीपद गेले म्हणून रडली, असे चरित्रकार म्हणतात; त्यांना ठाऊक. पुढल्याच वर्षी तिच्या सासऱ्याचा पॅरिसच्या रस्त्यात खून झाला आणि सासूबरोबर ती पुन्हा काळ्या कपड्यांत राजापुढे, म्हणजे आपल्याच बापापुढे, न्याय मागायला गेली. १३ सप्टेंबर १४०९ रोजी ब्लवा येथे एका मुलीला जन्म देऊन ती बाळंतपणात वारली. तिला वीस वर्षे पुरी झाली नव्हती. म्हणजे १९६९ साली मी आजीला जे वय ठोकून दिले होते, त्या वयाला ती कधी पोचलीच नाही.

तिचा दुसरा नवरा पुढे अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत पकडला गेला, पंचवीस वर्षे इंग्लंडात कैदेत राहिला आणि फ्रान्सचा थोर कवी म्हणून नाव मिळवून गेला. आणि हेन्रीचा जो मुलगा तिला सांगून आला होता, तोच राजा हेन्री पाचवा. त्याने १४२० मध्ये तिच्या धाकट्या बहिणीशी, कॅथरिनशी, लग्न केले. ही बहीण इझाबेला परत आली त्याच साली जन्मली होती. थोरलीने नाकारलेले ते स्थळ शेवटी त्याच घरात गेले. तहाच्या याद्यांत नाव बदलले, इतकेच.

तुम्ही म्हणाल, ही सहाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाचे लोक रानटी. मीही तसेच म्हणणार होते. पण तेवढ्यात एक माहिती हाती लागली. मुलीला बारा वर्षे आणि मुलाला चौदा, हे लग्नाचे वय इंग्लंडच्या कायद्यात थेट १९२९ पर्यंत चालत आले होते! त्या वर्षी ते सोळा झाले. आणि आपल्याकडचा शारदा कायदा, मुलीचे वय निदान चौदा हवे असे सांगणारा, तोही १९२९ चाच. त्याआधी १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा करण्याच्या कायद्यावर आपल्या पुण्यात केवढे रण माजले होते, ते सर्वांना माहीत आहे. तेव्हा जे साहेब आपल्याला सुधारणा शिकवीत होते, त्यांच्या स्वतःच्या देशात लग्नाचे वय बाराच होते. आपल्याकडे मुलीचे वय अठरा झाले १९७८ मध्ये. इंग्लंड आणि वेल्समध्ये पूर्ण अठरा झाले फेब्रुवारी २०२३ मध्ये. बालपणाभोवती कुंपण घालायला सगळ्यांनाच फार वेळ लागला. कुणी कुणाला हसू नये.

तरी एक गोष्ट मनाला लागून राहिलीच. 'फुलासारखं जपलं' असे आजी म्हणे आणि ते खोटे नव्हते. तिचे सासरे, सासू, आजोबा, सगळी देवमाणसे. तिचा संसार सुखाचा झाला. आणि तरीही आजी कुठल्याच मुलीच्या पाठवणीला दारात उभी राहिली नाही. माझ्या आत्यांच्या नाही, माझ्या थोरल्या बहिणीच्याही नाही. मांडवात ती शेवटच्या पंगतीपर्यंत राबे. पाठवणीची वेळ झाली, की कुठे नाहीशी होई. शोधायला जावे तर मागच्या अंगणात तुळशीपाशी पाठमोरी उभी. "अगं आजी, चल ना, ती निघाली," म्हटले तर मान न वळवता म्हणे, "जा तुम्ही. माझं झालंय."

आम्हांला वाटे, म्हाताऱ्या माणसाचे मन हळवे असते. अ‍ॅडम ऑफ अस्कने टिपलेल्या त्या आठ्या वाचल्या तेव्हा मला आजीची ती पाठ आठवली. रिचर्डने इझाबेलाला जपले, आजीला तिच्या सासरच्यांनी जपले. पण जपणे निराळे आणि विचारणे निराळे. न विचारता उचलून नेलेल्या मुलीला पुढे कितीही जपले, तरी न विचारल्याची नोंद तिच्याजवळ राहतेच. एकीने ती कपाळावर ठेवली, एकीने पाठीवर.

आजीची ती ठकी तिच्या माघारी माझ्याकडे आली. रंग उडालेला, नाक झिजलेले. त्या वर्षी रेडिंगला जाताना मी ती नातीसाठी बरोबर नेली होती. परत निघायच्या आदल्या रात्री नात ठकीला मांडीवर घेऊन बसली होती.

"ही कुणाची होती?" तिने विचारले.

"तुझ्या खापरपणजीची."

"ती केवढी होती तेव्हा?"

"तुझ्याएवढी."

"आणि मग तिचं लग्न कधी झालं?"

पन्नास वर्षांपूर्वी 'असेल वीस-बावीस' म्हणून मी सुटले होते. या वेळी मात्र मी पुस्तक बाजूला ठेवले, तिला जवळ घेतले आणि खरे ते सांगितले.

"तेव्हाच," मी म्हटले. "तुझ्याएवढी होती तेव्हाच."

तिने ठकीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तिला विचारलं होतं का कुणी?"